विषाणू ओसरत असताना रुग्ण का बिघडतो? इन्फ्लॅमासोम आणि दाहाचं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे: विषाणूजन्य आजारात रक्तातले विषाणू कमी व्हायला लागलेले असतात, तरी काही रुग्ण नेमके तेव्हाच का बिघडतात? यामागे इन्फ्लॅमासोम नावाचं प्रथिनांचं संकुल असतं असं वाचनात आलं, ते नेमकं करतं काय? आणि दोष त्याचाच असेल, तर ते बंद पाडणारं औषध पहिल्या दिवसापासून का देत नाहीत?

मी संसर्गजन्य आजारांचे रुग्ण बघतो; त्याआधी काही वर्षं प्रयोगशाळेत याच विषयावर काम केलं आहे. तिसरा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक विचारतात तसे शिकाऊ डॉक्टरही विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. पहिले काही दिवस हे संकुल रुग्णाच्या बाजूने काम करत असतं. तेव्हाच ते बंद पाडलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. पुढे आठ-दहा दिवसांनी तेच संकुल, त्याच प्रथिनांचं, फुप्फुसाची नासधूस करत असू शकतं. कधी थांबवायचं हे ओळखणं हाच सगळा अवघड भाग आहे. तो अवघड का, हे समजायला पेशीच्या आत डोकवावं लागतं.

त्याआधी एक गोंधळ निस्तरू. रोगप्रतिकारक प्रथिनांची संकुलं म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक संकुल पेशीच्या आत जुळतं, ते इन्फ्लॅमासोम. दुसरं पेशीबाहेर, रक्तात किंवा ऊतींत तयार होतं: विषाणूचा एखादा भाग आणि त्याला चिकटलेली प्रतिपिंडं, म्हणजे इम्यून कॉम्प्लेक्स. दोन्हींमुळे दाह होतो, पण रीत वेगळी. आणि काही आजारांत बाहेरचं संकुल आतल्याला चालू करतं, ते पुढे सांगतो.

इन्फ्लॅमासोम हे नाव २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या युर्ग चॉप यांच्या गटाने दिलं. हे संकुल पेशीत तयार करून ठेवलेलं नसतं. त्याचे सुटे भाग पेशीद्रवात विखुरलेले असतात आणि धोका जाणवला की ते एकत्र येतात. भाग मुख्यतः तीन. धोका ओळखणारं प्रथिन, ज्यात सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं म्हणजे एनएलआरपी३. मधला जोडणारा दुवा, एएससी. आणि शेवटी कात्रीचं काम करणारं विकर, कॅस्पेज-१.

सूक्ष्मदर्शकाखाली ही जुळणी बघण्यासारखी असते. एएससीला चमकणारं हिरवं प्रथिन जोडलेलं असेल तर शांत बसलेली मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणारी रोगप्रतिकारक पेशी) सगळीकडून सारखीच फिकट हिरवी दिसते. संकेत मिळाला की काही मिनिटांत तो सगळा हिरवा रंग एका जागी ओढला जातो आणि एकच लख्ख ठिपका उरतो, साधारण एक मायक्रोमीटरचा. बहुतेक वेळा एका पेशीत एकच. अर्धवट ठिपका धरलेली पेशी शोधू गेलात तर सहसा सापडणार नाही. कारण एएससीचे रेणू एकमेकांवर साच्यासारखे बसत जातात: एकाने आकार बदलला की तो शेजारच्याला तोच आकार घ्यायला लावतो, आणि बघता बघता तंतू तयार होतात. या तंतूंवर कॅस्पेज-१चे रेणू दाटीने येऊन बसतात, आणि इतके जवळ आले की एकमेकांना कापून कामाला लागतात.

या तपशिलात मी मुद्दाम रेंगाळलो. एकेका पेशीपुरतं बघितलं तर दाह कमी-जास्त असा नसतोच. पेशीने ठिपका धरला किंवा नाही धरला, एवढंच. रुग्णाचा दाह सौम्य की तीव्र हे किती पेशींनी ठिपका धरला, कुठल्या अवयवात धरला आणि किती दिवस नवनव्या पेशी धरत राहिल्या यावर ठरतं. पेशी मेल्यावर हे ठिपके बाहेर पडतात, शेजारच्या पेशी ते गिळतात आणि त्यांच्या आतही जुळणी सुरू होऊ शकते. म्हणजे विषाणू त्या शेजारच्या पेशीत शिरलेलाच नसला तरी.

आता कॅस्पेज-१ कापतं काय? दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, आयएल-१ बीटा नावाचं सायटोकाइन, म्हणजे दाहाचा निरोप इतर पेशींना पोचवणारं प्रथिन. ते आधी ३१ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात बनतं. कापल्यावर १७ किलोडाल्टनचा कामाचा तुकडा मोकळा होतो. आयएल-१८चंही तसंच. दुसरी, गॅसडर्मिन डी. या प्रथिनाचं काम २०१५ मध्ये बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या आणि अमेरिकेतल्या विश्व दीक्षित यांच्या गटांनी उलगडलं, आणि त्याने या विषयातलं एक जुनं कोडं सुटलं. पेशीतून बाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांना वाट दाखवणारा एक छोटा तुकडा पुढच्या टोकाला असतो. आयएल-१ बीटाला तो नाहीच. मग ते बाहेर पडतं कसं? उत्तर: गॅसडर्मिनचा कापलेला पुढचा भाग पेशीच्या आवरणात घुसतो, असे तीसेक भाग कडं करून बसतात आणि सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचं छिद्र तयार होतं. या छिद्राची आतली बाजू ऋणभारित असते, त्यामुळे कापलेलं, कामाचं आयएल-१ बीटा त्यातून सहज निसटतं आणि न कापलेलं अडतं.

छिद्रं थोडी असतील तर पेशी ती बुजवू शकते. काही पेशी सायटोकाइन सोडूनही जगतात. छिद्रं फार झाली की पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. बरीच वर्षं असं धरून चाललो होतो की फुगलेली पेशी आपोआप फुटते. २०२१ मध्ये कळलं की फुटण्यासाठीही एक वेगळं प्रथिन लागतं, निंज१. ते नसलेल्या मॅक्रोफेज पेशी आयएल-१ बीटा नेहमीसारखं सोडतात, पण फुटत नाहीत, आणि त्यांच्यातलं एलडीएच हे मोठं विकर आतच राहतं. एलडीएच हे नाव तुम्ही रक्ताच्या अहवालात वाचलं असेल. त्याच्याकडे पुन्हा येतो.

इथवर वाचून वाटेल की एवढं घातक यंत्र पेशी सहज कशी चालू होऊ देते? तर देत नाही. दोन वेगवेगळ्या संकेतांची अट आहे. पहिल्या संकेताने फक्त तयारी होते: विषाणूचा आरएनए पेशीतल्या टीएलआर७ किंवा रिग-१ यांसारख्या प्रथिनांना सापडला की एनएफ-कॅपा-बी हा दाहाची जनुकं चालू करणारा मार्ग सुरू होतो आणि एनएलआरपी३ व आयएल-१ बीटाचं निष्क्रिय रूप भराभर बनायला लागतं. तोफेत दारू ठासली, बत्ती दिलेली नाही, अशी ही अवस्था. दुसरा संकेत म्हणजे पेशीचं अंतर्गत संतुलन बिघडणं. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोल असतं, बाहेर ४ ते ५. आवरणाला गळती लागून आतलं पोटॅशियम उतरलं की एनएलआरपी३ला ते कळतं. विषाणू कोणता आहे हे एनएलआरपी३ला ठाऊक नसतं, त्याला देणंघेणंही नसतं. पेशीत काहीतरी बिघडलंय, एवढंच ते ओळखतं. म्हणूनच गाउट या संधिवातातले युरिक ॲसिडचे स्फटिक किंवा रक्तवाहिन्यांतले कोलेस्टेरॉलचे स्फटिकही त्याला चालू करतात. स्थूलपणा, मधुमेह, वय यांमुळे ही यंत्रणा आधीच अर्धी तयार असलेल्या माणसाला विषाणूजन्य आजार जड का जातो, याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

विषाणू हा दुसरा संकेत देतात कसा? इन्फ्लुएंझाचं उदाहरण चांगलं आहे. त्याच्याकडे एम२ नावाची प्रोटॉन वाहणारी नळी आहे. ती त्याला स्वतःच्या प्रजननासाठी लागतेच. ही नळी पेशीच्या गॉल्जी भागातली आम्लता बिघडवते आणि तेवढ्यावरून एनएलआरपी३ जागं होतं, असं अकिको इवासाकी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. सार्स विषाणूचं ई प्रथिन कॅल्शियम गळू देतं, परिणाम तोच. विषाणूने ही नळी टाकून द्यावी तर त्याचंच काम अडतं. पेशीने पाळत ठेवायला जागा हुशारीने निवडली आहे.

याहून मजेशीर प्रकार एनएलआरपी१ आणि कार्ड८ या दोन प्रथिनांचा आहे. बरेच विषाणू आपली प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवतात आणि मग स्वतःच्या प्रोटिएज विकराने तिचे तुकडे करतात. माणसाच्या एनएलआरपी१चा पुढचा भाग या साखळीतल्या कापायच्या जागेसारखाच दिसतो. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचं प्रोटिएज फसतं आणि त्याला कापतं. कापलेला पुढचा भाग पेशीची कचरा यंत्रणा नष्ट करते, मागचा भाग मोकळा होतो आणि इन्फ्लॅमासोम जुळायला लागतो. कार्ड८ असंच एचआयव्हीच्या प्रोटिएजसाठी बसलेलं आहे. पण एचआयव्हीचं प्रोटिएज एरवी विषाणू पेशीतून बाहेर पडतानाच जागं होतं, त्यामुळे कार्ड८ला ते सापडत नाही. २०२१ मध्ये असं दिसलं की एफाविरेन्झ, रिल्पिविरिन यांसारखी एचआयव्हीवरची जुनीच औषधं हे प्रोटिएज पेशीच्या आत वेळेआधी जागं करतात आणि मग ती संसर्गित पेशी पायरोप्टोसिसने मरते. शरीरात दडून राहिलेल्या एचआयव्हीचा निचरा करायला याचा उपयोग होईल का, हा सध्या कामाचा विषय आहे.

एचआयव्हीमध्येच याची काळी बाजूही आहे. लसिका ऊतींतल्या ज्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) मरतात त्यांतल्या बहुसंख्य पेशींमध्ये विषाणूची पूर्ण वाढ झालेलीच नसते. विषाणू आत शिरतो, त्याचा डीएनए अर्धवट बनतो, आयएफआय१६ हे प्रथिन तो ओळखतं, आणि पेशी पायरोप्टोसिसने फुटते. तिथला दाह नव्या सीडी४ पेशींना बोलावतो, त्याही तशाच मरतात. वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने २०१४ मध्ये हे मांडलं. सीडी४ पेशी विषाणू थेट मारतो, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो.

आता पेशीबाहेरची संकुलं. प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात तेव्हा बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं: संकुल छोटं असतं, यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते उचलून संपवतात. अडचण दोन परिस्थितींत येते. विषाणूची प्रथिनं महिनोन्‌महिने रक्तात वाहत राहिली तर, किंवा प्रतिपिंडं चिकटतात पण विषाणूला निकामी करत नाहीत तेव्हा.

पहिल्या परिस्थितीचा नमुना म्हणजे हिपॅटायटिस सी. यात काही रुग्णांना पायावर जांभळे ठिपके, सांधेदुखी, प्रचंड थकवा असं त्रिकूट होतं. रक्तात क्रायोग्लोब्युलिन सापडतात: प्रतिपिंडांची अशी संकुलं जी थंडीत गोठतात. ती छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसतात, पूरक प्रथिनांना (रक्तातली, जंतूंवर हल्ला करणारी प्रथिनं) चालना देतात, आणि सी४ हे पूरक प्रथिन वापरलं जाऊन रक्तात घटतं. तपासणीबद्दल एक सांगायलाच हवं: नमुना घेतल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत तो ३७ अंशांना ठेवावा लागतो. तो थंड झाला तर क्रायोग्लोब्युलिन गुठळीबरोबरच खाली बसतात आणि अहवाल 'आढळले नाही' असा येतो. लक्षणं जुळतात, सी४ तळाला गेलंय आणि तपासणी मात्र निगेटिव्ह, असं दिसलं की मी आधी नमुना कसा नेला ते विचारतो. उपचारही बोलका आहे: विषाणूविरोधी गोळ्यांनी हिपॅटायटिस सी गेला की बऱ्याच रुग्णांत हा दाहही ओसरतो, कारण संकुलाचा एक घटकच राहत नाही. इथे विषाणू मारणं हाच दाहावरचा उपाय ठरतो.

दुसऱ्या परिस्थितीचं उदाहरण दुःखद आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनविषाणूविरुद्ध फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांवर तपासली गेली. प्रतिपिंडं तयार झाली, पण विषाणूला रोखणारी नव्हती. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेल्या संसर्गित बाळांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली आणि दोन दगावली. त्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसाच्या ऊती अनेक वर्षांनी तपासल्या तेव्हा त्यांत पूरक प्रथिनं साचलेली आढळली. संकुलांनी चेतवलेल्या दाहाचीच ती खूण. नव्या आरएसव्ही लसींची रचना मुद्दाम वेगळी करण्यामागे हा इतिहास आहे.

बाहेरचं संकुल आतल्याला चालू कसं करतं, याचं सगळ्यांत स्पष्ट चित्र कोविडमध्ये मिळालं. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर सार्स-कोव्ह-२ ला शिरायला लागणारा एसीई२ ग्राहक जवळपास नसतो. तरी ज्युडी लिबरमन यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की कोविडच्या रुग्णांत सुमारे ६ टक्के मोनोसाइट पेशींमध्ये विषाणू शिरलेला असतो. त्याला वाट देतात प्रतिपिंडं: त्यांनी वेढलेला विषाणू मोनोसाइट आपल्या एफसी-गॅमा या प्रतिपिंडं धरणाऱ्या ग्राहकांनी पकडून आत घेते. आत त्याची संसर्गक्षम पिलावळ तयार होत नाही. पण इन्फ्लॅमासोम जुळतो, ठिपके दिसतात, गॅसडर्मिन छिद्रं पाडतं आणि पेशी फुटते. विषाणूच्या दृष्टीने हा रस्ता बंदच, पण दाह मात्र चेततो. याच अभ्यासात एमआरएनए लस घेतलेल्यांच्या प्रतिपिंडांनी विषाणू मोनोसाइटमध्ये शिरायला मदत केली नाही, हेही तपासलं होतं. लसीबद्दलची शंका लगेच येते म्हणून इथेच नोंदवतो.

पूरक प्रथिनांचंही तसंच. त्यांचं शेवटचं संकुल पेशीच्या आवरणात भोक पाडतं. पेशी त्यातून वाचली तरी आयन इकडचे तिकडे होतात, आणि आयन हलले की एनएलआरपी३ जागं होतं हे वर आलंच आहे.

तर आता मूळ प्रश्न: विषाणू उतरत असताना रुग्ण का बिघडतो? कारण या घटनांना स्वतःचा वेग आहे आणि तो विषाणूच्या वेगाशी जुळत नाही. फुटलेल्या पेशींतून आलेलं आयएल-१ बीटा शेजारच्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आयएल-६ हे आणखी एक सायटोकाइन बनवायला लावतं. आयएल-६ यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवायला लावतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ऊतींत घुसतात. आयएल-१८ टी पेशींकडून आणि एनके पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा काढतं, ते मॅक्रोफेजना आणखी चेतवतं, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) वाढतं. यातली प्रत्येक पायरी काही तास ते काही दिवस घेते. शिवाय प्रतिपिंडं दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला भरपूर होतात, म्हणजे संकुलांना लागणारा कच्चा माल नेमका विषाणू घटत असताना वाढतो. डेंगीत तर हे घड्याळ आणखी घट्ट आहे: ताप उतरायला लागतो, आजाराचा साधारण तिसरा ते सातवा दिवस, रक्तातला विषाणू कमी होत असतो, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागतो. डेंगीत त्यामागे इन्फ्लॅमासोमखेरीज विषाणूचं एनएस१ प्रथिन, आधीच्या संसर्गाची प्रतिपिंडं असं बरंच काही आहे; सगळं एकाच यंत्रणेच्या माथी मारणं बरोबर नाही.

अहवाल वाचताना एक खबरदारी. आयएल-१ बीटा रक्तात मोजायला गेलात तर अतिगंभीर रुग्णातही ते जेमतेम सापडतं, कारण ते कमी प्रमाणात, जागच्या जागी काम करतं. म्हणून आम्ही त्याच्या मागून येणाऱ्या गोष्टी बघतो. सीआरपी काही तासांत वाढायला लागतं पण शिखर गाठायला साधारण दोन दिवस घेतं, म्हणजे आजचं सीआरपी कालपरवाची गोष्ट सांगतं. एलडीएच पेशी फुटल्याचं सांगतं, पण पायरोप्टोसिसनेच फुटली असं नाही. यकृत, स्नायू, तांबड्या पेशी, कुठूनही ते येऊ शकतं. नुसत्या नमुना घेताना पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढलेलं दिसतं. एकट्या आकड्यावर मी निर्णय घेत नाही. सीआरपी, फेरिटिन, एलडीएच सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेने चढताहेत आणि ऑक्सिजन उतरतोय, हे एकत्र आलं तर मात्र वेळ दवडत नाही.

आता वेळेचा पुरावा. २००९ मध्ये दोन गटांनी एनएलआरपी३ नसलेल्या उंदरांना इन्फ्लुएंझा दिला. ते साध्या उंदरांपेक्षा जास्त मेले. म्हणजे हे प्रथिन वाचवतं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने साध्या उंदरांत एनएलआरपी३ रोखणारं औषध वेगवेगळ्या दिवशी दिलं. पहिल्या दिवशी दिलं तेव्हा उंदीर लवकर दगावले. तिसऱ्या दिवसापासून पुढे दिलं तेव्हा जास्त जगले. विषाणू तोच, औषध तेच.

माणसांत असाच धडा डेक्सामेथासोनने दिला. हे स्टेरॉइड इन्फ्लॅमासोमपुरतं नाही, सगळाच दाह दाबतं, पण वेळेचा मुद्दा त्यातून लखलखीत दिसतो. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांत औषध न दिलेल्यांचे मृत्यू १४ टक्के, दिलेल्यांचे १७.८. शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता, तरी फायदा नव्हता हे नक्की. घरीच बऱ्या असलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणं मला का खटकतं, ते या आकड्यांतून कळेल.

मग थेट आयएल-१ रोखलं तर? इथे निकाल सरळ नाहीत. कॅनाकिनुमॅब हे आयएल-१ बीटाविरुद्धचं प्रतिपिंड कोविडच्या चाचणीत उपयोगी ठरलं नाही. कोल्चिसिन, जे एनएलआरपी३ची जुळणी अडवतं असं मानतात, रिकव्हरी चाचणीत ११ हजारांहून जास्त रुग्णांत तपासलं. दोन्ही बाजूंचे मृत्यू २१ टक्केच. आयएल-१चा ग्राहक अडवणारं अनाकिन्रा एका फ्रेंच चाचणीत निष्फळ ठरलं. पण सेव्ह-मोर नावाच्या चाचणीत रुग्ण निवडताना सूपार हे रक्तातलं प्रथिन ६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त असण्याची अट घातली, म्हणजे दाह वाढू लागलाय पण माणूस अजून व्हेंटिलेटरवर गेलेला नाही अशांची निवड केली, आणि तिथे अनाकिन्राने स्पष्ट फायदा दिला. माझा यातून निघालेला निष्कर्ष असा, आणि सगळे सहकारी याला मान डोलावतील असं नाही: औषध चुकलं असं म्हणण्यापेक्षा बहुतेक चाचण्यांत रुग्णांचा टप्पा मिसळला गेला, असं मला वाटतं. शिवाय दाहाचा एक मार्ग रोखला तर बाकीचे उघडेच राहतात. स्टेरॉइड बोथट असूनही चाललं ते बहुधा त्यामुळेच.

दाहाने बिघडण्याचा हा टप्पा कुणात लवकर येतो, कुणात येतच नाही, याचं एक उत्तर पहिल्या दिवसांतच दडलेलं असतं. रिग-१ने विषाणू ओळखला की तंतुकणिकांवर मॅव्हस नावाच्या प्रथिनाचे तंतू जुळतात, हेही एक संकुलच, आणि त्यातून टाइप-१ इंटरफेरॉन निघतं. ते वेळेत निघालं तर विषाणू फार वाढतच नाही आणि पुढचा गोंधळ टळतो. २०२० मध्ये जीवघेणा कोविड झालेल्या ९८७ रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्गाच्या ६६३ जणांत एकाकडेही नव्हती. सुरुवातीचा बचाव लंगडा, म्हणून विषाणू जास्त, म्हणून ठिपके धरणाऱ्या पेशी जास्त. तेव्हा 'प्रतिकारशक्ती जास्त झाली म्हणून माणूस गेला' हे घाऊक वाक्य मला पटत नाही. यातल्या बऱ्याच जणांत ती आधी कमी पडलेली असते.

जाता जाता वटवाघळांबद्दल. त्यांच्यात अनेक विषाणू बिनबोभाट राहतात, आणि त्यामागे लिनफा वांग यांच्या गटाला २०१९ मध्ये एक कारण दिसलं: त्यांचं एनएलआरपी३ मंद आहे. विषाणू कमी नसतात, दाह कमी असतो. उलट बाजूने बघा तर गोवंशीय देवीचा विषाणू कॅस्पेज-१ला रोखणारं क्रमए नावाचं प्रथिन बाळगतो, गोवराचा व्ही प्रथिनाने एनएलआरपी३ दाबतो, इन्फ्लुएंझाचा एनएस१ने. इतक्या विषाणूंनी हे यंत्र बंद करायला जनुकं राखून ठेवली, यावरून ते त्यांना किती नडत असेल ते दिसतं. पहिल्या दिवशी हे यंत्र आपणच औषधाने बंद करणं म्हणजे विषाणूचंच काम हलकं करणं.

एनएलआरपी३ थेट रोखणाऱ्या गोळ्यांवर काम चालू आहे. सर्वांत प्रसिद्ध रेणू एमसीसी९५० यकृताला झेपला नाही म्हणून मागे पडला. त्याच्या जातीतले नवे रेणू तपासले जाताहेत. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम गॅसडर्मिनची छिद्रं अडवतं, हेही २०२० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण अशी गोळी हातात आली तरी ती कुणाला, कितव्या दिवशी द्यायची हे सांगणारी, रुग्णाच्या खाटेपाशी तासाभरात होणारी तपासणी सोबत हवी. सूपार त्या दिशेचं एक पाऊल आहे. तोवर डेंगीत आम्ही स्टेरॉइड देत नाही. ताप उतरल्यावरचे दोन दिवस हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) आणि लघवीचं प्रमाण तासांच्या हिशेबाने बघतो आणि सलाइन मोजून देतो. आणि कोविड किंवा इन्फ्लुएंझात विषाणूविरोधी औषध द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांतच देतो, कारण ठिपके धरणाऱ्या पेशींची संख्या कमी ठेवायची ती एक वेळ असते.